एवढा जीव कशाला जडतो या जुन्या मसल कारवर?

वाटचुका (धागाकर्ता)

मंडळी, गेली अकरा वर्षं डेट्रॉइटच्या उत्तरेला रॉयल ओकमध्ये राहतोय. पोट इंजिनांवरच आहे. काम कॅलिब्रेशनचं, म्हणजे गाडी उणे वीस अंशात सुरू करा नाहीतर भर उन्हात, चालवणाऱ्याला फरक कळता कामा नये, यासाठी संगणकात हजारो आकडे भरत बसायचं. थोडक्यात, इंजिन असल्याचं कुणाच्या लक्षात येऊ नये याचा मला पगार मिळतो.

आता शेजारी. वय ७७. पाँटियाक गावातल्या गाड्यांच्या कारखान्यात लाइनवर तीस वर्षं काढली. गॅरेजात १९६६ ची पाँटियाक जीटीओ, म्हणजे मसल कार: मधल्या आकाराच्या अमेरिकन गाडीत भलंमोठं इंजिन. ३८९ घनइंचांचं व्ही-८ (आठ सिलिंडरांचं), वर एकामागे एक तीन कार्ब्युरेटर. म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी होतं, तेव्हा बोनेटखाली सहा पद्मिन्या बसल्यात म्हणा.

व्हिएतनामहून परतल्यावर साठलेल्या पगारातून यांनी ही गाडी १९७० मध्ये सेकंडहँड घेतली. १९७६ मध्ये मुलगी झाली, घरात पैसा हवा होता, ९०० डॉलरना विकून टाकली. आणि १९९१ मध्ये परत विकत घेतली. तसलीच दुसरी नाही, तीच. चॅसिस नंबर पाकिटात जपून ठेवला होता, पंधरा वर्षं. ओहायोत एका शेताच्या गोठ्यात सापडली. सातपट पैसे मोजले.

परवा त्यांनी इंजिन सुरू केलं आणि मला म्हणाले, इकडे ये, हात ठेव. मी एअर क्लीनरवर हात ठेवला. बघतो तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी. मला काही सुचेना. मी काय बोललो असेन? "आयडल जरा हाय वाटतोय." (म्हणजे उभ्या गाडीत इंजिन जरा जोरात फिरतंय.)

तर प्रश्न असा. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे किंवा होती त्यांनी सांगा, हे काय असतं? नुसतं तारुण्य आठवणं, की आणखी काही?

---

शंकेखोर

तारुण्यच. दुसरं काय असणार?

जरा थंड डोक्याने बघा. चारही चाकांना ड्रम ब्रेक. १९६६ ची म्हणता, म्हणजे ब्रेकची मास्टर सिलिंडर एकाच सर्किटची. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. वजन दीड टनाच्या वर, अ‍ॅव्हरेज लिटरला चार-पाच किलोमीटर. आणि कंपनीने सांगितलेले ते ३६० घोडे (हॉर्सपॉवर)? १९७२ च्या आधीचे अमेरिकन आकडे बाकावर ठेवलेल्या उघड्या इंजिनाचे आहेत. एअर क्लीनर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. अलीकडे २०२४ पर्यंत मिळणारी साधी व्ही-६ टोयोटा कॅमरीसुद्धा सिग्नलला हिला मागे टाकेल, तीसुद्धा एसी लावून.

उरलेला जीव बाजारात अडकलेला असतो. १९७१ ची टप नसलेली प्लिमथ बाराकुडा, हेमी नावाच्या दांडग्या इंजिनाची, २०१४ च्या एका लिलावात ३५ लाख डॉलरपर्यंत गेली. तसल्या गाड्या झाल्याच मुळात डझनभराच्या आतबाहेर. मग प्रत्येकाला आपल्या गॅरेजात घबाड दिसायला लागतं आणि त्याला प्रेम म्हणायचं.

---

नोव्हायकर

शंकेखोर, ब्रेकबद्दल १००% मान्य. माझ्याकडे १९६९ ची प्लिमथ रोडरनर आहे, ३८३ घनइंचवाली. पावसात ती थांबवणं म्हणजे बैल थांबवणं. आधी आवाज द्यायचा, मग कासरा ओढायचा, मग देवाचं नाव घ्यायचं.

पण बाजाराचं म्हणाल तर माझ्या गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक तिचा मूळचा नाही. "नंबर मॅचिंग" (इंजिन आणि गाडीचे नंबर जुळणारी) नाही म्हटल्यावर इथे लोक बोनेट हळूच लावतात आणि हवापाण्याच्या गोष्टी सुरू करतात. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने तळाचा पत्रा चाळणी झालेला. चार हिवाळे पडून वेल्डिंग केलंय. लावलेले पैसे या जन्मात परत येणार नाहीत, हे मला आणि मुख्य म्हणजे बायकोलाही ठाऊक आहे.

तरी विकणार नाही. का ते नीट सांगता येत नाही. हॉर्न हे एक कारण असेल :) कंपनीने वॉर्नर ब्रदर्सना ५० हजार डॉलर देऊन रोडरनर हे कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव घेतलं होतं, आणि हॉर्नही त्या पक्ष्यासारखा बीप-बीप वाजतो. १९६८ साली २९०० डॉलरच्या आत मिळायची ती. आत गालिचासुद्धा नाही, रबरी मॅट. सगळा पैसा इंजिनात. पगारदार पोराने घ्यावी म्हणूनच काढलेली गाडी होती. आता तिला मखमली दोऱ्यांमागे ठेवतात याचं मला हसू येतं.

---

ठिगळ

वाचतेय. हॉर्नचा व्हिडिओ टाका ना.

---

टॅपेट

कोल्हापुरातून हजेरी. मसल कार डोळ्यांनी एकदाच पाहिलीय, पण फाउंड्रीवाल्यांच्या गावचा असल्यामुळे इंजिनावर बोलायचा जन्मसिद्ध हक्क आहे.

त्या आवाजाबद्दल सांगतो, कारण निम्मा जीव तिथेच जडतो असं माझं मत. त्या जीटीओचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरं पेटायचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. शेवर्लेचाही तोच. एक चक्र पूर्ण व्हायला क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) दोनदा फिरतो, म्हणजे ७२० अंश, आणि दर ९० अंशाला एक सिलिंडर पेटतं. सगळं मिळून ऐकलं तर एकदम सम. पण विषम नंबरची सिलिंडरं डाव्या बाजूला, सम नंबरची उजव्या बाजूला, आणि दोन बाजूंचे सायलेन्सर वेगळे. आता नुसती डावी बाजू ऐका. १ नंतर ३ पेटायला २७० अंश, मग ५ ला १८०, मग ७ ला फक्त ९०, आणि परत १ ला १८०. ९० अंशाची एक मात्रा धरली तर तीन, दोन, एक, दोन. लांब, मध्यम, आखूड, मध्यम. ती जी गुडगुड येते ना, मध्येच अडखळल्यासारखी, ती यातून येते.

---

ठिगळ

३+२+१+२ = ८. हा तर केरवा झाला की हो!

---

टॅपेट

अगदी! आणि डाव्या बाजूला ठोके १, ४, ६, ७ या मात्रांवर, उजवीला २, ३, ५, ८ वर. डग्गा-तबला म्हणा हवं तर. फक्त मिनिटाला साधारण ७०० फेऱ्यांच्या आयडलला सेकंदाला सहा आवर्तनं होतात, तेवढा हात असलेला तबलजी अजून जन्मायचाय.

---

वाटचुका

टॅपेट, दंडवत. हे गणित मी कॉलेजात केलेलं आहे, पण कधी ऐकलं नव्हतं. काल संध्याकाळी शेजाऱ्यांच्या डिकीमागे पाइपाजवळ कान नेऊन उभा राहिलो. त्यांना वाटलं पाइप गळतोय.

शंकेखोर, तुमचा तारुण्याचा मुद्दा मी झटकत नाही. त्या गाड्यांचा काळच मुळी एवढासा. जीटीओ आली १९६४ च्या मॉडेलांत. तेव्हा जनरल मोटर्समध्ये, म्हणजे पाँटियाकच्या मालक कंपनीत, मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन टाकायला मनाई होती. पाँटियाकचा मुख्य अभियंता जॉन डीलोरिअन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. नवी गाडी न म्हणता टेम्पेस्ट या त्यांच्याच गाडीवरचा 'ऑप्शन' म्हणून ३८९ विकलं, कारण नियम ऑप्शनला लागू नव्हता. ५ हजार खपतील असा अंदाज होता, पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या. आणि दहा वर्षांत खेळ खलास. विमेवाल्यांनी पोरांचे हप्ते असे वाढवले की गाडीपेक्षा विमा जड. १९७० चा शुद्ध हवेचा कायदा आला, ७१ ला इंजिनांचं कॉम्प्रेशन (हवा-पेट्रोल दाबायचं प्रमाण) उतरवलं, ७३ च्या ऑक्टोबरात अरबांनी तेल रोखलं. ७४ ला जीटीओ बंद. २०१० मध्ये पाँटियाक हे नावसुद्धा संपलं.

म्हणजे शेजाऱ्यांनी ज्यासाठी उमेदीची वर्षं घालवली तो ब्रँड नाही, सोबत काम करणारे बरेच जण नाहीत. ती सगळी माणसं या एका पत्र्यात असल्यासारखं ते बोलतात. "हे दार लावणारा अमक्या पाळीचा असणार, त्याला घाई असायची." दाराची फट खरंच थोडी तिरकी आहे. ती त्यांनी दुरुस्त केलेली नाही.

---

शंकेखोर

हे तारुण्यच झालं की. फक्त जास्त शब्दांत.

---

काळीपिवळी

मुंबईकर. आमच्याकडे वडिलांची टॅक्सी होती, पद्मिनी. तीन वेळा इंजिन बांधलं. विकली त्या दिवशी वडील जेवले नाहीत. शंकेखोरसाहेब, वडिलांचं तारुण्य त्या टॅक्सीत गेलं हे खरं, पण ते काही सुखाचं नव्हतं. पाठ गेली त्यांची. तरी जेवले नाहीत. त्याचा हिशोब तुमच्या सूत्रात कसा बसवायचा?

---

शंकेखोर

हे बसत नाही, मान्य. विचार करतो.

---

माजघर

इथे सहसा लिहीत नाही, पण आता राहवत नाही.

माझे अण्णा १९५२ पासून कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होते. आता आठवतं ते फियाट, पण वालचंद हिराचंदांनी सुरुवात केली ती क्रायसलरशी करार करून. १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या जायच्या. अण्णा म्हणायचे, आम्ही गाड्या बनवत नव्हतो, अमेरिकेची पेटी उघडत होतो. त्यांच्या शर्टाला ऑइल, पेट्रोल आणि रंगाच्या थिनरचा एक मिळून वास असायचा. आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची.

मी १९८८ मध्ये लग्न होऊन मिशिगनला आले. एकदा एका गराज सेलला गेलो होतो, नवऱ्याला शिडी हवी होती. घराच्या मागे १९६९ ची डॉज डार्ट स्विंगर उभी, ३४० इंजिनवाली, पिवळी. मालकाने सुरू करून दाखवली आणि मला अण्णांचा शर्ट आला. तसाच. नंतर कळलं की १९७५ च्या आधीच्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर पडतं, म्हणून तो वास. आरोग्याला वाईट आहे, माहीत आहे. मी शिडी न घेता गाडी घेऊन आले. नवरा आठवडाभर बोलत नव्हता.

अण्णा १९९७ च्या उन्हाळ्यात आले. मी काही सांगितलं नव्हतं, नुसतं गॅरेजचं दार उघडलं. त्यांनी चष्मा पुसला. आधी गाडीला पूर्ण फेरी घातली, देवळाला घालतात तशी पण हात पाठीमागे बांधून, सुपरवायझरसारखी. मग दार उघडून लावलं. परत उघडून लावलं. म्हणाले, "बिजागरी खाली बसलीय. पाना आण." जेट लॅग, वय ६८, आणि हा माणूस बाराच्या पान्याने डॉजचं दार वर घेत बसला. पाना बसेना, कारण गाडी इंचातली. मग स्वतःवरच हसले, "विसरलोच की, ही आपली जुनी मापं."

छत्तीस वर्षं गाड्या जोडल्या त्यांनी. स्वतःची एकही नव्हती. वूडवर्ड अव्हेन्यूवरून मी त्यांना फिरवलं तेव्हा पूर्ण वेळ एक हात डॅशबोर्डवर सपाट ठेवून बसले होते. सिग्नलला एका पोराने शेजारी येऊन इंजिन गुरगुरवलं. अण्णा म्हणाले, "दाब की." मी दाबला. पुढचं लिहीत नाही, लायसन अजून वापरात आहे.

ते दार अजून तसंच लागतं. एका बोटाने.

---

नोव्हायकर

ताई, काय लिहिलंत. (आणि ३४० ती, दाबल्यावर काय होतं ते आम्हाला माहीत आहे.)

---

ठिगळ

🙏 काही सुचत नाहीये लिहायला.

---

टॅपेट

माजघर, तुमच्या पान्याच्या गोष्टीवरून एक सुचलं. या गाड्या माणसाला आत घेतात. बोनेट उघडलं की खाली जमीन दिसते. पॉइंटची फट फीलर गेजने लावायची, टायमिंग डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून. बिघाड झाला तर तो कुठेतरी *असतो*, बोट ठेवता येतं. आता बोनेट उघडा, प्लास्टिकचं झाकण. झाकणाखाली आणखी एक झाकण.

---

वाटचुका

टॅपेट, ती झाकणं आम्हीच लावतो, माफी असावी :)

पण मुद्दा पटला. तीन कार्ब्युरेटरवाल्या सेटअपमध्ये एरवी फक्त मधला चालतो. पेडल बरंच खाली गेलं की पुढचा आणि मागचा उघडतात. शेजारी सांगतात की उघडायच्या आधी अर्धा क्षण गाडी "श्वास घेते". मी नवीन गाडीत नेमका हा अर्धा क्षण घालवण्यासाठी दोन-दोन महिने घालवलेत. आमच्या भाषेत तो दोष. त्यांच्या भाषेत तो तिचा स्वभाव. इतकी वर्षं ते त्या अर्ध्या क्षणाची वाट बघायला पेडल दाबतायत.

आणखी एक. १०.७५ ला १ असं कॉम्प्रेशन त्या काळच्या शिसंवाल्या पेट्रोलवर चालायचं. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ पासून पूर्ण बंद. मग त्यांनी व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या बसवल्या, टायमिंग जरा मागे घेतलं, कॅमशाफ्ट खाऊ नये म्हणून ऑइलमध्ये जस्ताचं औषध, इथेनॉलने रबर सुजतं म्हणून सगळ्या होज बदलल्या. जग गाडीसाठी थांबलं नाही, तर हे दर वेळी तिचं जगाशी जुळवून देतात. मधुमेही माणसाचं पथ्य घरच्यांनी सांभाळावं तसं.

---

शंकेखोर

विचार केला. बायकोने आजारी सासूचं नऊ वर्षं केलं. सासू स्वभावाने कठीण होती. गेल्यावर बायको जितकी रडली तितकी स्वतःच्या आईला रडली नव्हती. मला तेव्हा कळलं नव्हतं. काळीपिवळी, तुमच्या वडिलांचं बहुधा तसं असावं. ज्याचं करावं लागतं त्याच्यावर जडतो.

ब्रेकबद्दलचं मत बदललेलं नाही. दोन सर्किटची मास्टर सिलिंडर बसवून घ्यायला सांगा त्यांना.

---

वाटचुका

सांगितलं. म्हणाले, १९९२ मध्येच बसवली, मी भावनिक आहे, मूर्ख नाही.

---

नोव्हायकर

😂 वूडवर्डला येताय ना सगळे? ऑगस्टचा तिसरा शनिवार. भारतातल्या मंडळींसाठी: ही ड्रीम क्रूझ १९९५ मध्ये फर्न्डेल गावाने फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे उभे करायला काढली. आता फर्न्डेलपासून पाँटियाकपर्यंत रस्ताभर जुन्या गाड्यांची रांग असते, आणि कडेला घडीच्या खुर्च्या टाकून लोक. आपल्याकडे पालखी बघायला बसतात तसे, फक्त इथे कुणी चहा-केळी वाटत नाही. मिशिगनमध्ये ऐतिहासिक नंबरप्लेटच्या गाड्या एरवी मेळावे-मिरवणुकांपुरत्याच बाहेर काढता येतात, पण ऑगस्ट महिनाभर कधीही चालवायची मुभा आहे. सरकारलाही कळतं म्हणायचं.

---

वाटचुका

उशिरा अपडेट. क्रूझला आम्ही गेलो, पण जीटीओ चालवली मी. शेजाऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन ठरलंय आणि क्लच दाबताना पाय दुखतो. दांडा एवढा जड असेल असं वाटलं नव्हतं, पहिल्या सिग्नलला बंद पाडली. मागून टाळ्या. ते काही बोलले नाहीत, फक्त खिडकीबाहेर बघत हसत होते. आमच्या मुलीने मागच्या सीटवर सिगारेटचा जुना चटका शोधून काढला आणि विचारलं हे काय. त्यांच्या धाकट्या भावाचा तो, १९७१ चा. सगळी सीट नव्याने शिवली तेव्हा तेवढा तुकडा त्यांनी कापून परत तिथेच लावून घेतलाय. ओहायोच्या गोठ्यात गाडी ओळखली तीसुद्धा त्यावरूनच, नंबर नंतर ताडून पाहिला. भाऊ आता नाही.

ऑपरेशननंतर तीन महिने गाडी माझ्याकडे. किल्ली दिलीय आणि एक कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. जाणकारांनी सांगा, दर रविवारी दहा मिनिटं सुरू करून ठेवली तर पुरे ना?

---

टॅपेट

नाही! नुसती सुरू करून बंद केली तर सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि आतून गंजतो. दोन आठवड्यांतून एकदा चालेल, पण तासभर रस्त्यावर न्या. पूर्ण तापली पाहिजे.

---

नोव्हायकर

आणि दोन आठवडे उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाऊलमधलं (छोट्या टाकीतलं) पेट्रोल उडून गेलेलं असतं, त्यामुळे पहिल्या फटक्यात लागणार नाही. घाबरू नका. स्टार्टर पाच-सहा सेकंद मारा, थांबा, पंप पेट्रोल वर आणेल. मग पेडल दोनदा पूर्ण दाबून सोडा आणि परत मारा. बर्फ पडायच्या आत हीटरची पेटी झाकून ठेवा, तिच्यात उंदीर घर करतात.

---

माजघर

कागदावर पेडल किती वेळा लिहिलंय?

---

वाटचुका

एकदा. आणि त्याखाली दोन रेघा.

---

माजघर

मग एकदाच.